आगे चलो

सौराष्ट्राच्या यात्रेत एका कृष्णमंदिरात आम्ही अडीच तास रांगेत होतो. दर्शन झालं अडीच सेकंद. सौ.नं हात जोडून डोळे मिटले आणि उघडले, तेव्हा ती बाहेर पेढ्यांच्या दुकानासमोर उभी होती. मधलं काम ‘आगे चलो, आगे चलो’ म्हणणाऱ्या एका दणकट हातानं उरकलं होतं.

परतीला मुंबईत सकाळी उतरलो. कोल्हापूरची महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री. मी म्हणालो, ‘आपण कलापूरची माणसं. आज चित्रं बघायची.’

‘तिथं बसायला असतं का?’ सौ.नं विचारलं.

स्टेशनावरच्या क्लोकरूममध्ये कुलूपवाल्या दोन बॅगा राहिल्या, प्रसादाची पिशवी परत आली. पिशवीला कुलूप कुठून असणार? तीही आमच्याबरोबर कलेच्या यात्रेला निघाली.

काळा घोडा इथं पहिलाच पेच पडला. ‘घोडा आहे, पण वर बसणारा कुठाय?’

मी माहिती दिली : इथं सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा होता. १९६५ साली त्याला घोड्यासकट राणीच्या बागेत हलवलं. हा २०१७ सालचा नवा घोडा, बिनस्वाराचा.

‘बरं झालं,’ सौ. म्हणाली. ‘ह्याच्या पाठीवर तरी ओझं नाही.’ आणि पिशवी माझ्या हातात दिली.

जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ सालची, सर कावसजी जहांगीर यांनी मुलाच्या स्मरणार्थ बांधलेली. प्रवेश फुकट आहे म्हटल्यावर सौ.चा आधुनिक कलेवरचा राग निम्म्यावर आला. उरलेला निम्मा आत गेल्यावर परत आला. देवळात देव आपल्याकडे बघतो की नाही, कळत नाही. इथं चित्रकार कोपऱ्यात टेबल टाकून बसलेला आणि टक लावून बघत असलेला. मागून ढकलणारंही कुणी नाही. एका चित्रापुढं किती वेळ उभं राहिलं म्हणजे आपण रसिक, हे कुणी सांगत नाही. मी आजूबाजूचं बघून रीत बसवली : दोन पावलं मागं, मान डावीकडं, मग ‘हं’. दुसऱ्या पावलाला पिशवी मागच्या कॉलेजकन्येच्या गुडघ्यावर आदळली आणि ‘हं’ तिच्या तोंडून निघालं.

बाहेर पडताना सौ.नं अभिप्रायाच्या वहीत लिहिलं : ‘चित्रे छान. रंग पक्का वाटतो.’

चौकापलीकडं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. जुन्या सर कावसजी जहांगीर सभागृहाच्या पोटात ते १९९६ साली सुरू झालं. आत अर्धगोल दालनं एकावर एक रचलेली, त्यामुळं जिने फार. यात्रेत आम्ही गुडघ्यांचं कारण सांगून गिरनार टाळला होता. तो इथं घडला.

शेवटी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. पिशवी काउंटरवर सोपवली, बिल्ला घेतला, हात हलके झाले. आता बाक शोधायचा, एवढाच माझा कलाविषयक हेतू उरला होता. लघुचित्रांच्या दालनात सौ. एकाएकी थांबली. पंजाएवढं चित्र, त्यात कृष्ण. ती काचेला नाक लावून उभी.

‘अहो, पायांत पैंजण आहेत. आणि झाडावर बघा, पोपट!’

पाच मिनिटं गेली. दहा गेली. पोपट मोजून झाले, गाई सुरू झाल्या. मी घड्याळ बघितलं. पिशवी घ्यायची, टॅक्सी गाठायची, बॅगा सोडवायच्या, जेवायचं, गाडी पकडायची. माझा हात आपोआप तिच्या खांद्यावर गेला.

‘चल, पुढं चल.’

तिनं वळून माझ्याकडं बघितलं. मंदिरातल्या त्या दणकट हाताकडंसुद्धा तिनं असं बघितलं नव्हतं.

‘का? मागं रांग आहे का?’

मी मागं वळून बघितलं. स्टुलावरचा पहारेकरी तेवढा होता, आणि त्याला कसलीच घाई नव्हती.