कुक्कुटमीमांसा : स्कोफिल्ड्स अधिकरण

विषय. सिडनीच्या वायव्येला, ब्लॅकटाउन महापालिकेच्या हद्दीत स्कोफिल्ड्स नावाचं उपनगर आहे. तिथल्या नव्या घराच्या मागच्या अंगणात कोंबड्या पाळाव्यात की न पाळाव्यात, एवढाच विचार प्रस्तुत प्रबंधात केला आहे. आधी कोंबडी की आधी अंडं, हा त्या मानाने किरकोळ प्रश्न तत्त्वज्ञांकडे सोपवला आहे.

परंपरा. मे १७८८ मध्ये सिडनीच्या वसाहतीतल्या पशुपक्ष्यांची मोजदाद झाली, तेव्हा १२२ मोठ्या कोंबड्या आणि ८७ पिल्लं भरली. सबब गोऱ्या वसाहतवाल्यांइतकाच कोंबडीचाही इथला मुक्काम जुना आहे.

पूर्वपक्ष. हा आजी संप्रदायाचा. "चार कोंबड्यांना कसला आलाय कायदा? संध्याकाळी डालग्याखाली घातल्या की झालं!" या मताच्या आचार्या व्हिजिटर व्हिजावर येतात, दुकानचं अंडं फोडून फिकट बलक दाखवतात आणि यालाच प्रत्यक्ष प्रमाण म्हणतात.

उत्तरपक्ष. न्यू साउथ वेल्सच्या २०२१ च्या नियमावलीने कोंबडीला 'गॅलस गॅलस' या शास्त्रीय नावाने गौरवून घरापासून ४.५ मीटर दूर ठेवलं आहे. बदक, टर्की आणि मोर यांना ३० मीटर. वाहन कार्तिकेयाचं असलं तरी सवलत नाही. घर १५.२ मीटरच्या आत असेल, तर कोंबड्या ज्या दांडीवर बसतात तिच्याखाली काँक्रीट किंवा डांबराची फरशी हवी. वेगळी परवानगी न काढता खुराडं बांधायचं, तर निवासी भागात ते १५ चौरस मीटर, उंची ३ मीटर आणि १० पक्षी यांच्या आत बसवावं लागतं.

आता भूमिती. ४.५ मीटर कोणाच्या घरापासून, हे कलम सांगत नाही. म्हणून सावध भाष्यकाराने स्वतःचंही धरावं. तीनशे चौरस मीटरच्या प्लॉटवर आपल्या भिंतीपासून ४.५ आणि मागच्याच्या भिंतीपासून ४.५ मीटर सोडले, की पुष्कळदा उरते ती रेघ. रेघेला लांबी असते, रुंदी नसते, हे युक्लिडने सांगूनच ठेवलं आहे. तात्पर्य, कायदा दहा कोंबड्या देतो आणि टेप त्या काढून घेते.

अर्थकारण. आठवड्याला २४० हून जास्त अंडी विकणाऱ्याला परवाना लागतो. १९२२-२३ मध्ये सहा ऑस्ट्रलॉर्प कोंबड्यांनी ३६५ दिवसांत १,८५७ अंडी घालून विक्रम केला. त्या दराने दहा कोंबड्यांची अंडी आठवड्याला ५९ होतात. परवान्याची चिंता व्हायला विक्रमवीर कोंबड्या ४१ लागतील; तेव्हा हे प्रकरण इथेच संपलं.

आरोग्य. जून २०२४ मध्ये शेजारच्या हॉक्सबरी भागात एच७एन८ बर्ड फ्लू निघाला. नवापूरची २००६ ची बर्ड फ्लूची साथ आठवणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. दाणापाणी रानपाखरांना पोचणार नाही असं ठेवावं. जाळीही भक्कम हवी. कोल्हा नियमावली वाचत नाही.

कोंबडा. कोंबडं झाकलं म्हणून सूर्य उगवायचा राहत नाही, हा आपला सिद्धांत खगोलशास्त्रात टिकतो. स्कोफिल्ड्समध्ये वाद सूर्याचा नसून शेजाऱ्याच्या झोपेचा आहे. त्रासदायक आवाजाला १९९७ च्या पर्यावरण कायद्यात उपाय आहे, आणि १९९३ च्या स्थानिक स्वराज्य कायद्याखाली पक्षी ठेवू नका असा आदेशही महापालिका काढू शकते. अंडी घालायला कोंबडा लागत नाही, हे आजी संप्रदायालाही मान्य आहे.

निर्णय. आधी टेप, मग महापालिकेला एक फोन, मग खुराडं, सर्वांत शेवटी कोंबड्या. जागा निघाली तर तीन-चार पाळाव्यात, कोंबडा पाळू नये. कायद्याने सगळी अंतरं मोजली, फक्त शेजाऱ्याच्या सहनशक्तीचं माप दिलेलं नाही. म्हणून पहिली सहा अंडी कुंपणापलीकडे पोचती करावीत.