सतरा रुपये सत्तर पैसे

उधना-लिंबायत भागातल्या कुठल्याही बँकेत महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जा. पासबुक छापायच्या यंत्रापाशी एक गृहस्थ उभे दिसतील. पांढरा पायजमा, खिशाला दोन पेनं, हातात साडीच्या दुकानाचं नाव छापलेली पिशवी. यंत्र कुरकुरत पासबुक बाहेर टाकतं, तेव्हा बाकीचे लोक फक्त शेवटची शिल्लक बघतात. हे गृहस्थ तिथेच, रांग अडवून, पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात करतात. यांना आपण आबा म्हणू.

आबा ही काही एक व्यक्ती नाही. खानदेशातून सुरतेत येऊन वसलेल्या गल्ल्यांमध्ये असा एकेक आबा असतोच. डिंडोलीत आहे, पांडेसऱ्यात आहे, नवागामात तर दोन आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. मी इथे सगळ्यांचा मिळून एक केला आहे. त्यांना कळलं, तर मला प्रत्येकाची वेगळी नोटीस येईल.

आबांची हयात लूमवर गेली. नंदुरबारकडून तापीकाठच्या पॅसेंजरने आले आणि खडखडाटात उभे राहिले ते थेट गुडघे जाईपर्यंत. मजुरी मीटरवर, मीटरचा भाव पैशांत. ज्याने पैशापैशाने कमावलं, त्याला पैशापैशाने गेलेलंही कळतं. ताक्यात डाग निघाला की शेठ मजुरी कापायचा. पण आधी ताका टेबलावर उलगडायचा, डागावर बोट ठेवायचा, मग कापायचा. आबा शेठला मनातल्या मनात शिव्या देत, तरी कापलेल्या पैशावरून कधी भांडले नाहीत. बँकेने पैसे कापले आणि ताका काही दाखवला नाही. सगळं प्रकरण एवढंच आहे.

पासबुकातली ओळ होती एसएमएस चार्जेसची. १५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २ रुपये ७० पैसे, एकूण १७.७०. कापल्याचा मेसेजही आला, म्हणजे मेसेजचे पैसे कापल्याचा मेसेज. रिझर्व्ह बँकेने २६ नोव्हेंबर २०१३च्या परिपत्रकात बँकांना सांगितलं होतं की एसएमएसचे पैसे प्रत्यक्ष वापर बघून घ्या. नातवाने ते मोबाइलवर शोधून दिलं, आबांनी छापून लॅमिनेट करून घेतलं. थोरल्या नातीचा वाढदिवस त्यांना आठवत नाही, परिपत्रक तारखेसकट पाठ आहे. मग त्यांनी तिमाहीतले मेसेज मोजले. अकरा. त्यातले सात ‘तुम्हाला पर्सनल लोन मंजूर झालं आहे’ असे. उरले चार.

काउंटरवरची मुलगी गुजराती आणि स्वभावाने गोड. ती म्हणाली, ‘‘काका, आटला माटे शुं माथाकूट करो छो? हुं मारा पर्समांथी आपी दऊं?’’ झालं! तिच्या पर्समधले कशाला? ‘‘मना पैसा माले पाहिजे,’’ आबा कडाडले. रागावले की ते अहिराणीत जातात आणि मॅनेजर केबिनमध्ये.

शाखेत अर्ज, मग वरच्या अधिकाऱ्याकडे अर्ज. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, १२ नोव्हेंबर २०२१पासून सगळ्यांसाठी एकच योजना आहे. शहाणा माणूस तिथेच गेला असता. पण ती तक्रार ऑनलाइन करायची, नाहीतर कागद पाकिटात घालून चंदीगडला धाडायचा. आबांना हे पटेना. भांडण समोरासमोर व्हायला हवं. चंदीगडचा माणूस काय आपलं तोंड बघणार? त्यांनी ग्राहक आयोग धरला.

२०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२०पासून लागू झाला, तो जणू आबांना विचारूनच केलेला आहे. राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वकील लागत नाही. पाच लाखांपर्यंत फी नाही. सतरा रुपये सत्तर पैसे पाच लाखांच्या आत बसतात, याची त्यांनी नातवाकडून खात्री करून घेतली. तक्रार लिहिली गुजरातीत, स्वतःच्या हाताने. शिक्षण मराठीत झाल्यामुळे अर्ध्याअधिक गुजराती अक्षरांवर शिरोरेघ ओढलेली. बँकेच्या वकिलांनी म्हणे ती दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा वेगळी लागली.

इथे एक योग जुळून आला. नोटीस मिळाल्यावर बँकेला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात, आयोगाने दिलेच तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ४ मार्च २०२० रोजी पक्कं केलं आहे. वकीलसाहेब उत्तर घेऊन आले अठ्ठेचाळिसाव्या दिवशी. हप्त्याला एक दिवस उशीर झाला तर दंड लावणारी बँक हात जोडून ‘थोडी सवलत द्यावी’ म्हणू लागली. आबांनी उभं राहून चष्मा पुसला. म्हणाले, ‘‘साहेब, उशिराचा चार्ज किती लागतो, ते यांनाच विचारून घ्या.’’

घरी मात्र त्यांच्या युक्तिवादाला कोणी विचारत नाही. ‘‘रिक्षाले कितला पैसा लागनात?’’ आजी विचारतात. आबा म्हणतात, खर्चाची मागणी वेगळ्या परिच्छेदात केली आहे. गल्लीतली पोरं म्हणतात, महाराजांनी १६६४ आणि १६७० अशी दोनदा सुरत लुटली, आबांची ही तिसरी. त्यावर आबा गंभीर होऊन सांगतात की ही लूट नव्हे, वसुली आहे, आणि पावती घेतल्याशिवाय मी उठणार नाही.

त्यांना हसणं सोपं आहे. मीही हसतो. पण २०२३च्या ऑगस्टमध्ये अर्थराज्यमंत्री भागवत कराड यांनी राज्यसभेत दिलेले आकडे आबांच्या पिशवीत आहेत, आणि ते वाचल्यावर हसू जरा कमी होतं. सरकारी बँका आणि पाच मोठ्या खासगी बँकांनी मिळून २०१८पासून किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल २१ हजार कोटींहून जास्त वसूल केले, नुसत्या एसएमएसचे सहा हजार कोटींच्या वर. यातला प्रत्येक रुपया कुणीतरी ‘जाऊ दे, एवढ्यासाठी कोण जाणार’ म्हणून सोडलेला आहे. शुल्काची रक्कमच अशी बेताची असते की भांडणारा वेडा दिसावा.

मी एकदा त्यांना इंग्लंडची गोष्ट सांगितली. तिथे २००६-०७च्या सुमारास हजारो खातेदारांनी एकेकट्याने दावे लावून बँकांकडून दंडाचे पैसे परत मिळवले होते. मग सरकारी नियामकाने सगळ्यांच्या वतीने एकच मोठा खटला चालवला आणि २५ नोव्हेंबर २००९ला तिथल्या सुप्रीम कोर्टात बँका जिंकल्या. आपल्याकडेही क्रेडिट कार्डाचं ३० टक्क्यांवरचं व्याज राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली अनुचित ठरवलं होतं. तो निकाल सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४मध्ये रद्द केला. मला वाटलं, आबा खचतील. आबा म्हणाले, ‘‘मोठं गाठोडं घेऊन गेले, तिथेच चुकलं. ज्याने त्याने आपापलं पासबुक घेऊन जावं.’’ आणि रेल्वेने तिकिटावर जादा घेतलेल्या २० रुपयांसाठी १९९९पासून २०२२पर्यंत लढून जिंकलेले मथुरेचे ते गृहस्थ? त्यांच्याबद्दल आबांना आदर नाही, असूया आहे. ‘‘ते वकील होते. त्यांना कोर्टात जायचंच होतं.’’

मध्यंतरी बँकेने १७.७० मुकाट्याने खात्यात जमा केले. पासबुकात कारण छापलं, ‘गुडविल’. आबा पूर्वी कधी चिडले नव्हते इतके चिडले. चुकीने कापले म्हणा, नाहीतर बरोबर कापले म्हणा, दान कसलं करता? प्रकरण मध्यस्थीला गेलं. मध्यस्थ म्हणाले, दोन पावलं तुम्ही मागे या, दोन बँक येईल. आबांनी विचारलं, सतरा सत्तरमध्ये दोन पावलं म्हणजे किती? पैसे परत आले आहेत, तेव्हा मला आता पैसे नकोत. कोणत्या चार मेसेजचे पंधरा रुपये, ते लिहून द्या. ते काही कोणाला लिहून देता येईना. पुढची तारीख पडली आहे.

सध्या संध्याकाळी आबांच्या ओट्यावर गल्लीतली पासबुकं वाचायचा कार्यक्रम असतो. फी नाही, चहा मात्र येणाऱ्याने आणायचा. तुमच्याकडेही असं पासबुक असेल तर खुशाल घेऊन जा, पण आधी तारीख बघा. दोन वर्षं उलटलेली तक्रार आयोग सहसा दाखल करून घेत नाही. आबा तर चहाही घेत नाहीत.