जिनवाल्यांची फियाट

अहो, ऐकलंत का? जिनवाल्यांची डुक्कर फियाट आली एकदाची अकोल्याहून! या, जरा कुंपणाशी या. मोठ्यानं बोलायची सोय नाही, त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी इकडेच उघडते.

काल पूजा होती गाडीची. तुम्ही नव्हतात, म्हणून तर सांगतेय. अख्खी गल्ली जमली होती. वाड्याच्या दारात मांडव, पेढ्यांची ताटं, आणि मधोमध ती गाडी. लाल! म्हणजे कसली लाल, तर ती मेटॅलिक, ऊन पडलं की डोळे दिपावेत अशी. रुंद टायर, चकचकीत अलॉय व्हील, आत एसी. आणि बोनेटला टेकवून एक पाटी, 'ओरिजिनल 1958'. मोठ्या वहिनी नवा शालू नेसून दाराशी उभ्या, जणू त्यांनीच पत्रा ठोकलाय. प्रत्येकाला एकच वाक्य, "फुल रिस्टोरेशन केलंय हं. जशी होती तश्शी."

गाडी आबांची, हे तुम्हाला माहीतच आहे. खामगावात तेव्हा कापसाचा पैसा खेळत होता. हो, 1870 साली जलंबहून इथवर रेल्वेचा फाटा टाकला तो काय माणसांसाठी? गाठी न्यायला! त्या पैशातली ती फियाट. कुर्ल्याला वालचंद हिराचंदांचा प्रीमियरचा कारखाना, तिथे बनलेली. 1100 मॉडेल, चार सिलिंडर, 1089 सीसी, गिअर स्टिअरिंगपाशी. तेव्हा गाडीसाठी नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. म्हणून तर आबा तिला मुलींपेक्षा जपत, असं आत्याबाई अजून फणकाऱ्यानं सांगतात.

तर काय सांगत होते… हां, आत्याबाई. त्यांनीच पहिला सुरुंग लावला की! काठी टेकत आल्या, म्हणाल्या बसते जरा आत. पुतण्यानं अदबीनं पुढचं दार उघडलं, आणि ह्या तिथेच थबकल्या. "अरे, हे दार असं काय उघडतंय? आपलं तर उलटं उघडायचं. बिजागरी मागे. नऊवारी सावरत उतरायला किती सोपं व्हायचं!" खरंच की हो. त्या जुन्या फियाटची पुढची दारं उलटीच उघडायची, ती तर ओळख तिची. मोठे भाऊ हसले, पण कसनुसं. म्हणाले, "सेफ्टीसाठी बदललं आत्या. चालत्या गाडीत उघडलं तर वाऱ्यानं पार मागे फेकलं जातं." आत्याबाई म्हणाल्या, "मग माझ्या लग्नात नव्हतं का वारं?"

वहिनींचा चेहरा इथून उतरायला लागला बघा.

तेवढ्यात वकीलकाका आले. तुम्हाला त्यांची सवय ठाऊक आहे, पेढा तोंडात टाकायच्या आधी कागद मागतात. म्हणाले, "जरा स्टार्ट करा." केली. काकांनी मान तिरकी करून आवाज ऐकला. "हे तीन सिलिंडर वाजतंय." मी त्यांच्या मागेच उभी होते. बोनेट उघडलं तर आत ओम्नीचं इंजिन! अहो, आपल्या शाळेच्या रिक्षावाल्याची ओम्नी, तिचं! 796 सीसी. मांडवात शांतता. एक पोरगा फक्त म्हणाला, "मग ॲव्हरेज चांगलं देत असेल." त्याला आईनं चिमटा काढला.

मग आबांचं इंजिन गेलं कुठे? इथे खरी मजा आहे. पुढे या, पुढे या. इंजिन धाकट्यांकडे! वाटणी झाली तेव्हा ते दुरुस्तीला म्हणून उतरवून जिनच्या गोदामात ठेवलेलं होतं, सरकीच्या पोत्यांमागे, गोणपाटात गुंडाळून. वाडा आणि वाड्यातलं सामान थोरल्यांना, गोदाम 'आतील चीजवस्तूंसह' धाकट्यांना. वाटणीपत्र वकीलकाकांनीच लिहिलेलं! धाकटे काल मांडवाच्या कडेला हाताची घडी घालून उभे होते. एवढंच म्हणाले, "दादा, गाडी माझ्याकडं आहे. तुझ्याकडं खोकं आहे." मायबाई! धाकट्या जाऊबाईंनी पदरात तोंड लपवलं. हसू लपवायला हो, दुसरं काय.

आता मला सांगा, इंजिन बदललं की गाडी खोटी होते का? मग आपल्या जिल्ह्यातल्या अर्ध्या जीपा खोट्या. 1973 नंतर पेट्रोल महागलं तसं ज्यानं त्यानं महिंद्राच्या जीपचं पेट्रोल इंजिन काढून डिझेलचं बसवलं. लोणार, मेहकरच्या रस्त्यांवर वऱ्हाडं वाहिली त्याच जीपांनी. कोणी नाव ठेवलं नाही. पण कोणी पाटीही लावली नव्हती ना 'ओरिजिनल' म्हणून! माझा राग त्या पाटीवर.

वकीलकाकांना तर ऊतच आला. म्हणाले, ह्यावर लंडनच्या हायकोर्टात खटला झालाय, 1990 साली. बेंटलीची एक रेसची गाडी होती, 'ओल्ड नंबर वन' नावाची. फ्रान्सच्या ल मॉंच्या शर्यतीत 1929 ला पहिली, 1930 ला पुन्हा पहिली. पुढे रेसवाल्यांनी तिचं इंजिन बदललं, चेसिस बदलली, बॉडी बदलली, मूळचं असं फारच थोडं उरलं. एकानं ती नीट करून दुसऱ्याला 1 कोटी पौंडांना विकायची ठरवली. घेणारा ऐन वेळी म्हणतो, ही ती गाडीच नाही, मी पैसे देत नाही. न्यायमूर्ती ऑटन म्हणाले, ही 'ओरिजिनल' म्हणता येणार नाही, पण अस्सल आहे. कारण ती कधी मोडीत निघाली नाही, कधी दोन गाड्या झाल्या नाहीत, एकच गाडी बदलत बदलत इथवर आली. पैसे द्या!

हे ऐकून मोठे भाऊ जरा ताठ झाले. "बघा! म्हणजे आमची अस्सलच."

वहिनींनीही लगेच ताट फिरवायला घेतलं. म्हणाल्या, आता आम्ही 'व्हीए' सिरीजचा नंबर घेणार, व्हिंटेजचा, आणि दर गुरुवारी ह्याच गाडीनं शेगावला महाराजांच्या दर्शनाला जाणार. त्यांची सून, ती पुण्याला नोकरी करते ती, मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली, "आई, नाही जाता येणार." नियमच आहे म्हणे केंद्राचा, जुलै 2021 चा. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, ते ठीक. पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. नव्या नोंदणीची फी 20 हजार, दहा वर्षांनी पुन्हा नोंदणी करायची तर 5 हजार. आधीपासून नोंदवलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, तेवढं बरं. आणि व्हिंटेज म्हणून नोंदली की रोज फिरवायची नाही. प्रदर्शन, रॅली, अभ्यास, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला, तेवढ्यापुरतीच बाहेर. "दर्शन त्यात बसत नाही," असं म्हणाली आणि पुन्हा मोबाईलमध्ये! वहिनींच्या हातातलं ताट तिरकं झालं, दोन पेढे घरंगळले. मांजरानं खाल्ले.

मला ती सून आवडते बाई. तिनं आणखी एक सांगितलं. जुन्या गाड्यांची एक जागतिक संघटना आहे, फिवा नावाची. तिनं 2013 ला एक सनद केली, इटलीतल्या ट्युरिन गावाच्या नावानं. ती म्हणे जुन्या इमारतींच्या व्हेनिसच्या सनदेवरून बेतली, 1964 च्या. त्यांचं म्हणणं, आधी जे आहे ते राखा. मग दुरुस्त करा. अगदीच इलाज नसेल तर नवं करा, पण काय बदललं ते लिहून ठेवा आणि नवा तुकडा ओळखू येऊ द्या. मला पटलं हो. पुरातत्त्ववाले जुन्या देवळात नवा दगड बसवतात तो बऱ्याचदा कोरत नाहीत, साधा ठेवतात. बघणाऱ्याला कळावं, हा मागाहूनचा. अमेरिकेत पेबल बीचला तर जिचा रंग उडालाय, सीट फाटलीय पण हात लागलेला नाही, अशा गाड्यांचा वेगळा वर्ग असतो आणि त्यांना बक्षिसं देतात. इथे आपण आधी रंग खरवडायला घेतो!

रंगाचंही तेच झालं. आत्याबाई म्हणाल्या, गाडी पांढुरकी राखाडी होती. मोठे भाऊ म्हणे निळी. भांडण! वास्तविक सोपं असतं ते. सीटखाली, डिकीच्या रबराखाली, जिथे ऊन लागत नाही तिथे जरा पॉलिश पेपर घासला की थरामागून थर दिसतात, आणि सगळ्यात खालचा कारखान्याचा. हे मला आमच्या माहेरच्या डेंटरनं शिकवलंय. पण इथे घासायला जुना पत्रा असेल तर ना…

थांबा, तेच तर सांगायचंय. मघाचं सगळं सोडा, गोम पुढे आहे.

अकोल्याचा मिस्त्री पण आलेला, मानाचा फेटा बांधून. भोळा माणूस. वकीलकाकांनी त्याला गोड बोलून बोनेटपाशी नेलं. आत समोरच्या पत्र्यावर नंबर ठोकलेला असतो ना, त्याच्याभोवती बोट फिरवलं. चौकोनी वेल्डिंग! वर पुट्टी, वर रंग, पण बोटाला लागतंच. काका म्हणाले, "मिस्त्री, हे काय?" आणि मिस्त्री सरळ बोलून गेला, "साहेब, नंबरचा तुकडा मालकाच्या गाडीचा हाय. बाकी सांगाडा नागपूरच्या भंगारातला. यायचा त खालून पुरा सडला होता. मंग काय करता? मालकाले इचारूनच केलं म्या."

अहो, काय सांगू! पूजा सांगणारे गुरुजीसुद्धा मंत्र विसरले.

जीप असती तर वेगळं होतं. जीपला चेसिस निराळी, बॉडी निराळी, वरचं बदललं तरी खालचं राहतं. ह्या फियाटला निराळी चेसिसच नसते, पत्रा हाच सांगाडा. तो गेला की गाडी गेली. म्हणजे इंजिन ओम्नीचं, सांगाडा कुणा भलत्याच्याच फियाटचा, दारं फिरवलेली, आणि आबांचा काय तर हातभर पत्र्यावरचा नंबर. वकीलकाकांनी बेंटलीचा न्याय तिथेच परत घेतला. म्हणाले, "ती एकच गाडी बदलत गेली होती. तुम्ही दुसऱ्याच गाडीला आपल्या गाडीचं नाव दिलंत. आणि नंबरचा तुकडा कापून लावणं हे तर कायद्यानं अंगाशी येणारं आहे." मोठे भाऊ एकदम वाड्यात गेले, पाणी प्यायला म्हणून. बाहेर आलेच नाहीत बराच वेळ.

त्यांचीही कीव येते हो. पैसा ओतला बिचाऱ्यांनी. हौसही खरी. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये निघाली तेव्हापासून ज्याला त्याला परसातली फियाट आठवायला लागलीय. कोल्हापुरात दसऱ्याला राजाराम महाराजांची मेबॅक निघते, ती बघून आले होते हे, तेव्हाच डोक्यात घेतलं. पण मेबॅक राखली तशी आबांची फियाट राखली का कोणी? वाड्यात कोंबड्या बसत होत्या तिच्यावर.

बरं, आतली बातमी ऐका. आबांचा जुना सांगाडा अजून आहे! अकोल्याला गॅरेजच्या मागे पडलाय, भंगारवाल्याला दिलेला नाही. मिस्त्रीच म्हणाला. धाकट्यांचे कान टवकारले ते मी स्वतः पाहिले. आज सकाळी दोघे भाऊ ओट्यावर बसलेले दिसले, वाटणीनंतर पहिल्यांदाच. धाकटे इंजिन द्यायला तयार आहेत म्हणे, पण गाडीच्या कागदावर दोघांची नावं हवीत. मोठ्या वहिनी नाही म्हणतात. धाकट्या जाऊबाई तर म्हणतात, आधी ते दोन पेढे उचला. मेल्या मांजराचं ठाऊकच नाही त्यांना!

तुमचे मेव्हणे जुनी ॲम्बेसेडर बघताहेत ना मेहकरला? त्यांना सांगा, रंग आणि क्रोम नंतर बघा. आधी आरसी बुक हातात घ्या, इंजिन नंबर आणि चेसिस नंबर ताडून बघा, आणि नंबराच्या भोवती बोट फिरवा. काय काय बदललं ते मालकानं आपण होऊन सांगितलं तर खुशाल घ्या, मग इंजिन कुठलं का असेना. आणि जिनवाल्यांचं मला विचाराल तर लाल गाडी दिसायला देखणी आहे, शेगावला खुशाल न्यावी. पण ती आबांची नाही. आबांची अकोल्याला गंजत पडलीय.