आजोबा, मानधन ठरवा!

मुरगूडच्या एसटी स्टँडवर कॅमेरावाला उतरला, की आधी सुरकुत्या शोधतो. धोतर-पटका दिसला, की गुडघ्यावर बसून विचारतो, 'आजोबा, आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख कोणतं?' आजोबा तंबाखू मळत म्हणतात, 'पाव्हणं कुठलं? लगीन झालंय? पगार किती?' दहा मिनिटांत पाव्हण्याचीच जीवनकहाणी स्टँडभर होते.

न्यूयॉर्कच्या ब्रँडन स्टँटनने २०१० मध्ये अनोळखी माणसांचे फोटो आणि कहाण्या गोळा करण्याचा हा उद्योग सुरू केला. पुढे त्याच वाटेवरच्या 'ह्युमन्स ऑफ बॉम्बे'ने २०२३ मध्ये दुसऱ्या तशाच मंडळींना कॉपीराइटसाठी दिल्ली उच्च न्यायालयात खेचले. ज्यांच्या कहाण्या, ते वादीही नव्हते, प्रतिवादीही नव्हते. तेव्हा आजोबा, दुःख सांगा बिनधास्त. पण आधी मानधन ठरवा, तेही रोख!