दाढेच्या पश्चात

दाढदुखीच्या रात्री ज्याने जागून काढल्या आहेत, त्याला दाढ उपटण्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. कारण निल्स लॉफग्रेन या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १९४३ साली लिग्नोकेन हे बधिरतेचे औषध सिद्ध केल्यापासून त्या प्रसंगातील सारा वीररस ओसरला असून, डॉक्टरांच्या चिमट्यातील आपली दाढ ही अन्य कोणा गृहस्थाची असावी, असा तटस्थ भाव पाहताना मनात येतो. खरी कसोटी लागते ती दाढ गेल्यानंतर, आणि तीही जन्मभर बेलगाम राहिलेल्या तोंडाची.

पहिला हुकूम मौनाचा. खोबणीवर ठेवलेला बोळा अर्धा-पाऊण तास दातांखाली घट्ट दाबून धरावयाचा असतो, आणि या अवधीत मनुष्यास मान हलवण्यापुरताच अधिकार उरतो. माझ्या घरी ही वार्ता तत्काळ पसरली. वर्षानुवर्षे तहकूब राहिलेला नव्या पडद्यांचा अर्ज, मेहुण्यांच्या दीर्घ मुक्कामाचा प्रस्ताव अशी सर्व प्रकरणे त्या बोळ्याच्या साक्षीने माझ्यापुढे मांडण्यात आली, आणि निषेधार्थ हललेली मान मंजुरी म्हणून दप्तरी दाखल झाली.

बोळा निघाला तरी सुटका नाही. रिकाम्या खोबणीत जमलेली रक्ताची गुठळी हेच तेथील उघड्या हाडाचे एकमेव आच्छादन. तिच्याच आश्रयाने नवे मांस भरून येते, आणि ती अकाली निसटली तर दोन-चार दिवसांत कानापर्यंत असा ठणका लागतो की, गेलेल्या दाढेविषयी ममत्व वाटू लागावे. म्हणून पहिले २४ तास खळखळून चूळ भरू नये, नळीने शहाळे ओढू नये, विडीकाडीस तर पुढेही काही दिवस शिवू नये, आणि मुख्य म्हणजे थुंकू नये. नगरपालिकेच्या पाट्यांना, दंडाच्या धाकाला आणि जिन्याच्या कोपऱ्याकोपऱ्यांत बसवलेल्या देवादिकांच्या फरशांना ज्या हुकमाची अंमलबजावणी आजवर साधली नाही, ती या चिमूटभर गुठळीने माझ्याकडून बिनतक्रार करवून घेतली.

जीभ मात्र कोणाचेच फर्मान मानीत नाही. सेवानिवृत्त मामलेदाराने रोज काही ना काही निमित्त काढून जुन्या कचेरीत डोकवावे, तशी ती त्या खळग्याकडे वारंवार मुआयन्यास जाते.

याहून उपद्रवी भेटीस येणारे. एकाने खळग्यात अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवण्यास सुचवले. तिने हिरडी भाजते आणि रक्त थांबण्याऐवजी वाहत राहते, हे ऐकून ते गृहस्थ दुखावले. दुसऱ्यांनी मिश्रीची डबीच पुढे केली. गाल शेकण्याचा आग्रह तर सर्वांचाच, जरी पहिल्या दिवशी सूज आवरण्यास बाहेरून बर्फच लावावयाचा असला तरी. आजीबाईच्या बटव्यातून शास्त्राच्या परीक्षेस उतरले ते मीठ: दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा घालून, जेवणानंतर. पण तेथेही गुळण्यांचा आपला तो प्रातःकालीन गर्जनायुक्त सोहळा वर्ज्य. पाणी हलकेच तोंडात फिरवावे आणि ओठ उघडून निमूटपणे पडू द्यावे, हे आमच्यासारख्या चाळीत वाढलेल्यांस मानहानीचेच वाटते.

आहारात गुरगुट्या भात, थंड ताक आणि आइस्क्रीम. यांतील शेवटच्या पथ्याचे पालन घरातील ज्यांचे सर्व दात शाबूत आहेत, त्यांनीही निष्ठेने केले.

दाबून धरूनही रक्त थांबेना, किंवा दुखणे दिवसागणिक उतरण्याऐवजी चढू लागले, तर मात्र शेजाऱ्यांचे लवंगेचे तेल दूर सारून तडक डॉक्टरांकडे जावे. आणि समाचारास येणाऱ्या सज्जनांना एवढीच विनंती, की येताना चिवडा आणू नये, इलाज आणू नये, आणि ज्याचे उत्तर मान हलवून देता येणार नाही असा प्रश्न विचारू नये.