सांगितलं नव्हतं का?

प्रत्येक घराण्यात एक थोरल्या काकू असतात. कुणाकडे त्या आत्या असतात, कुणाकडे मामी. खातं मात्र तेच, घराण्याच्या चवीचं. गोडा मसाला, मेतकूट, लोणचं आणि अनारसे हे विषय त्यांना वगळून घरात निघत नाहीत.

काकू हातच्या मोकळ्या. कृती विचारली की लगेच मांडी घालून बसतात. “लपवायचंय काय त्यात? आपल्याच घरातलं आहे.” मग सुरुवात होते आजेसासूबाईंपासून. त्या पहाटे कशा उठायच्या, सोवळ्यात तांदूळ कशा धुवायच्या, त्यांचे अनारसे खाऊन मामलेदार काय म्हणाले. मामलेदारांची बदली होईस्तोवर तास उलटतो आणि तांदूळ अजून डब्यातच असतात.

“काकू, तांदूळ किती घेऊ?”

“माणसं किती त्यावर.”

“आणि गूळ?”

“मावेल तेवढा.”

“तूप?”

“ते हाताला कळतं गं.”

आपला हात इतका अडाणी कसा निघाला, या विचारात नवी सून पेन खाली ठेवते. काकूंकडे सासूबाईंची एक वहीही आहे. ती दाखवतात, हातात देत नाहीत. तीत ‘चार आण्यांची वेलची’ अशी मापं. आज चार आण्यांत दुकानदार वेलचीचा वाससुद्धा घेऊ देणार नाही.

लक्ष्मीबाई धुरंधरांनी 1910 साली ‘गृहिणी-मित्र’मध्ये हजार पाकक्रिया छापून टाकल्या. 1970 मध्ये कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली आणि वाटी-चमच्याची मापं घरोघरी गेली. काकूंचं त्यावर एकच म्हणणं : “वाटी ठीक आहे, पण कुणाची?”

तरी काकू खोटं कधी सांगत नाहीत, हे मान्य करायला हवं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, सावलीत कापडावर पसरायचे, दमट असतानाच दळायचे, गूळ मिसळून गोळा डब्यात मुरू द्यायचा. थापताना खसखस खाली, तळताना वर, आणि उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं. सगळं खरं. जे गळतं, ते बरोबर तेवढंच असतं ज्यावाचून अडावं.

अधिक महिना येतो. जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे असतात. पहिलाच अनारसा तुपात पडल्या पडल्या हसतो, विरघळून कढईभर होतो. फोनवर काकूही हसतात.

“गूळ जास्त झाला. थोडं कोरडं पीठ बाजूला ठेवलं होतंस ना?”

“नाही.”

“अगं बाई! सांगितलं नव्हतं का?”

कोरडं पीठ मिसळलं की गोळा भुरभुरतो. पुन्हा फोन.

“मग पिकलं केळं कुस्कर थोडं. हे तर मी पहिल्यांदाच सांगितलं होतं.”

मला यात डाव दिसत नाही. सगळ्यांचेच अनारसे जमले तर अधिक महिन्यात काकूंना फोन कोण करणार? शिवाय जमलेच, तरी सोय आहे. काकू एक तुकडा मोडतात, जाळी उजेडात धरतात, चावतात आणि म्हणतात, “छान झालेत हो. पण...” पुढचं वाक्य त्या कधीच पूर्ण करत नाहीत.

यंदा धाकट्या सुनेने गोड्या मसाल्याच्या वेळी फोन साखरेच्या डब्याला टेकवून चालूच ठेवला. धणे, तीळ, खोबरं, दगडफूल, नागकेशर, सगळं वेगवेगळं तेलावर परतताना स्वच्छ दिसतंय. मध्येच काकू म्हणतात, “जरा अंगणातले कपडे काढ गं, आभाळ आलंय.” सून जाते. काकू फळीवरची एक छोटी डबी काढतात आणि फोनकडे पाठ करून उभ्या राहतात. डबीचं झाकण लागल्याचा आवाज येईपर्यंत, चांगली दोन मिनिटं, त्या व्हिडिओत नुसतं पैठणीचं पोलकं आहे.