पट्टेवाल्याला आत घ्या

अमेरिकेत अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठकीला जायला काय लागतं? काहीच नाही. फी नाही, फॉर्म नाही, आडनावसुद्धा नाही. दारू सोडायची इच्छा असली की झालं. कालची अजून उतरली नसेल तरी मागच्या रांगेत बसा, कॉफी घ्या, गप्प ऐका. १९३५ साली ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात न्यूयॉर्कचा एक शेअरबाजारवाला आणि गावातला एक सर्जन भेटले. दोघेही पक्के दारुडे. तिथून हे सुरू झालं. तेव्हापासून या खोल्यांनी कुणाकुणाला सांभाळून घेतलंय! तुरुंगातून सुटलेले, घरातून हाकललेले, बैठकीतच घोरणारे आणि तीच कहाणी दर मंगळवारी नव्या जोमाने सांगणारे.

अशा खोलीच्या दारात एक दिवस मालकाबरोबर लॅब्रॅडॉर उभा राहतो, अपंग माणसाच्या मदतीसाठी शिकवलेला, म्हणजे 'सर्व्हिस डॉग'. आणि आजवर कुणाला आडनाव न विचारणारी मंडळी विचारतात, ''याचे कागद आहेत का?''

कागद नसतात. असायची गरजही नाही. १९९०चा अमेरिकी अपंग हक्क कायदा इथे चक्क सोपा आहे. समोरच्याचं अपंगत्व उघड दिसत नसेल, तर दोनच प्रश्न विचारायचे. हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का? आणि याला कोणतं काम शिकवलंय? बस्स. आजार कोणता ते विचारायचं नाही, सर्टिफिकेट मागायचं नाही, 'जरा करून दाखवा बघू' असं तर मुळीच म्हणायचं नाही. ही काही सर्कस नव्हे.

मग गटाची सभा भरते. या संघटनेत प्रत्येक गट स्वायत्त, वरून हुकूम यायची सोय नाही, त्यामुळे सगळं मतांवर. पहिला आक्षेप अ‍ॅलर्जीचा. दुसरा भीतीचा. दोन्ही खरे असू शकतात, आणि दोन्हींवर कायद्याचं सांगणं एकच आहे: एवढ्यावरून कुत्र्याला बाहेर काढता येत नाही. आक्षेपवाल्याला आणि कुत्रेवाल्याला खोलीच्या दोन टोकांना बसवा. शाळेतल्या बाईंना जे सुचतं, ते सुचायला इथे तासभर लागतो.

तिसरा आक्षेप माझा लाडका. म्हणे, लक्ष विचलित होतं. ज्या खोलीत कॉफीचं यंत्र खोकतं, लोखंडी खुर्च्या किंचाळतात, दर पाच मिनिटांनी कुणीतरी सिगारेटला उठतं आणि एकाचा तरी फोन हमखास वाजतो, तिथे खुर्चीखाली झोपलेल्या प्राण्याने लक्ष विचलित होतं! दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालायचं नाही, हा या बैठकांचा शिरस्ता. तो पुरता पाळणारा मला तरी हा कुत्रा एकटाच दिसतो. इथे ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, हेही त्याला बजावावं लागत नाही.

झोपलेला म्हटलं खरं, पण तो ड्यूटीवर असतो. युद्धावरून परतलेल्या, रात्री दचकून उठणाऱ्या आणि त्यावर दारूचा उतारा शोधत बसलेल्या माणसाबरोबर आलेला कुत्रा पाहा. मालक बोलायला लागतो. आधी त्याचा गुडघा हलायला लागतो, मग श्वास आखूड होतो. खोलीत अजून कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं. कुत्रा उठतो आणि हनुवटी त्याच गुडघ्यावर दाबून ठेवतो. मालकाचा हात आपोआप कुत्र्याच्या मानेवरच्या सैल कातडीत जातो. श्वास सुधारतो, अडलेलं वाक्य पुढे सरकतं. हे लाडात येणं नव्हे. शिकवलेलं काम आहे, महिनोन् महिने घोटून घेतलेलं. सैनिकांच्या याच दुखण्यासाठी अमेरिकी सरकारने २०२१ साली कायदा केला. त्यात माजी सैनिकांनी स्वतः अशी पिल्लं शिकवायची, असा प्रायोगिक कार्यक्रम आहे.

एवढं असूनही गटातल्या शंकेखोरांना मी पुरतं मोडीत काढणार नाही. त्यांना शंकेखोर कुणी केलं? 'सर्व्हिस डॉग' असं छापलेलं लाल जाकीट ऑनलाइन मागवून ते आपल्या मोतीला चढवणाऱ्यांनी. सोबत सोनेरी शिक्क्याचं नोंदणीपत्रही मिळतं. कायद्याच्या लेखी त्याची किंमत शून्य, विकणाऱ्याला मात्र ती रोख मिळते. 'याच्या असण्यानेच मला बरं वाटतं' हे खरं असेलही. पण नुसत्या असण्याने बरं वाटणं हे कायद्याने काम ठरत नाही. २०१८ साली नेवार्क विमानतळावर एक बाई भावनिक आधारासाठी चक्क मोर घेऊन आली होती. विमान कंपनीने मोराला नकार दिला. पुढे २०२१पासून अमेरिकेत असले भावनिक आधाराचे प्राणी विमानात घेण्याची सक्तीच उठली. कॅलिफोर्नियात तर खोटा सर्व्हिस डॉग मिरवला की हजार डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही.

आता खरी गंमत. या बैठका भरतात कुठे? पुष्कळदा चर्चच्या तळघरात. आणि अपंग हक्क कायद्यातून धार्मिक संस्थांना सूट आहे! म्हणजे पाद्रीबुवांनी मनात आणलं तर कुत्रा पायरीवरूनच परत. पण ही संघटना कुणाचं फुकट घेत नाही. टोपी फिरवून जमलेल्या पैशांतून चर्चला भाडं देते. आणि भाडं भरणाऱ्या भाडेकरूला घरमालकाची सूट आपोआप लागू होत नाही. वकिलांना चरायला एवढं कुरण पुरे.

इथे कुणीतरी धर्मराजाचा दाखला देणारच, म्हणून आधीच सांगून टाकतो. तो इथे लागू पडत नाही. 'याला कोणतं काम शिकवलंय?' या प्रश्नावर धर्मराज निरुत्तर झाला असता. त्याचा कुत्रा नुसता सोबतीला होता. शिवाय स्वर्ग ही धार्मिक संस्था, तिला सूट.

सगळ्यात बेरकी तोडगा म्हणजे 'बाहेर बांधा ना'. बांधा. छोटं गाव, मंगळवारची संध्याकाळ, चर्चच्या कठड्याला अख्ख्या गावाच्या ओळखीचा कुत्रा. आत कोण बसलंय आणि कशासाठी, हे कळायला आणखी कुणाला विचारावं लागेल? संघटनेच्या नावातच निनावीपण आहे, आणि हे तिची पाटी लावून मोकळे.

आपल्याकडे हा वाद अजून पोचलेला नाही. मुंबईत या बैठका १९५७पासून होतात. पण शिकवलेला मदतनीस कुत्रा घेऊन फिरणारा माणूसच मुळात दुर्मीळ, तर वाद कुठून होणार? गल्लीतला एखादा आपणहून व्हरांड्यात येऊन पसरतो. त्याच्या प्रवेशावर कुणी ठराव मांडत नाही.

अमेरिकेतल्या गटांनाही ठरावाची गरज नाही. कुत्रा भुंकत सुटला आणि मालकाला आवरेना, किंवा त्याने खोलीत घाण केली, तर त्याला बाहेर न्यायला सांगायचा हक्क कायद्यानेच दिलाय. मात्र तेव्हाही माणसाला बाहेर काढता येत नाही. त्याची खुर्ची त्याचीच. म्हणजे नियम तयार आहेत, फक्त वाचायचे आहेत. कुत्रा घेऊन येणाऱ्याने आदल्या दिवशी सचिवाला एक फोन केला तर आणखी सोपं. सक्ती नाही, पण कोपऱ्यातली खुर्ची आणि पाण्याचा वाडगा तयार मिळेल. बाकीच्यांनी कुत्र्याला हात लावू नये, डोनट खाली टाकू नये, 'किती गोड' म्हणत पुढे जाऊ नये. तो कामावर आहे.

आणि लाल जाकीट मागवलेल्या मंडळींनो, तुमचा मोती गुणी आहे, वादच नाही. त्याला घरी ठेवा. तुमच्यामुळे दारात अडवला जातो तो दुसऱ्याच कुणाचा तरी कुत्रा, आणि त्याच्याबरोबर परत फिरतो तो माणूस पुढच्या मंगळवारी येईलच असं नाही.